मातीला वस्ताद होता, मॅटला कोण आहे?

प्रति,
जिल्ह्यातल्या तालमींसाठी मॅट आणि मैदानांसाठी टर्फ खरेदी करणाऱ्या समितीचे सन्माननीय सदस्य,
तसेच कोल्हापूर परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य,

सप्रेम नमस्कार.

तालमींना नव्या मॅट द्यायचं आपण ठरवलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. त्या खरेदीच्या निविदेचा मसुदा मी दोनदा वाचला. त्यात लांबी, रुंदी, जाडी, रंग, पोहोचवण्याची मुदत, सगळं आहे. त्या मॅटवर एखादं पोरगं पाठीवर आपटलं तर मॅटनं किती धक्का स्वतःकडं घ्यायचा, याबद्दल एक ओळही नाही. म्हणून मी अर्ज दिला की निविदेत चाचणीच्या दोन अटी घाला. अर्ज परत आला. 'तांत्रिक बाबी समितीच्या कक्षेत येत नाहीत,' एवढंच उत्तर. हे उत्तर घेऊन मला घरी गप्प बसता येत नाही. त्यामुळं आता हेच सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. 24 वर्षं झाली. वडील पेठेतल्या तालमीत वाढले. त्यांच्या मागून मीही काही वर्षं माती अंगाला लावली. माझी लेक सतरा वर्षांची आहे आणि दहाव्या वर्षापासून कुस्ती करते.

गेल्या पावसाळ्यात सरावात ती एकेरी पट काढायला आत शिरली. मॅटच्या दोन तुकड्यांमध्ये फट पडलेली होती. वरचं कापड ढिलं असल्यामुळं ती दिसत नव्हती. डावा पाय त्या फटीत बसला. अंग वळलं, पाय तिथंच राहिला. मी कडेला उभा होतो, गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला. "पप्पा, पाय अडकला," एवढंच ती म्हणाली. समोरची पोरगी तिच्याआधी रडायला लागली. तिचा काही दोष नव्हता, वस्तादांचाही नव्हता. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरणारा आतला बंध, तुटलेलं निघालं, गुडघ्यातल्या गादीलाही चीर होती. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी नऊ महिने मॅटवर उतरायचं नाही म्हणून सांगितलं. मुलींच्या गुडघ्याला हा धोका मुलांपेक्षा किमान दुप्पट असतो, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. सात वर्षं मी तिला तालमीत सोडायला जात होतो, तेव्हा कळलं नव्हतं.

आठवड्यानं मी तालमीत गेलो आणि वस्तादांना विचारलं, मॅट कधीची आहे? ते म्हणाले, "तुमची पोरगी पयलीत आसंल तवा आली ती." आम्ही दोघांनी मिळून कापड वर केलं. खाली फोमचे तुकडे, त्याखाली थेट काँक्रीट. मधल्या भागातला फोम बसलेला होता. अंगठा दाबला की आत जायचा आणि वर यायला वेळ घ्यायचा. कापसाची गादी बसली तर पिंजून घेता येते. फोम पिंजता येत नाही. एकदा त्याच्या आतले बुडबुडे चेपले की त्याचं काम संपलं, मग वरून तो कितीही चांगला दिसो.

मला सांगायचंय ती गोष्ट इथून सुरू होते.

माझे वडील तालमीतली माती कशी तपासायचे ते मला अजून आठवतं. पहाटे फावड्यानं आखाडा उकरायचा, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं. तेल, ताक, हळद, लिंबू घालून माती मळलेली असायची. मग वस्ताद मूठभर माती उचलायचे, दाबायचे आणि मूठ उघडायचे. गोळा राहिला पाहिजे आणि बोटानं टोचला की फुटला पाहिजे. गोळा झालाच नाही तर माती कोरडी, पाणी मारा. फुटला नाही तर चिकट, आज जोर-बैठका, कुस्ती नाही. असं रोज व्हायचं, आणि वस्तादांनी नको म्हटल्यावर कितीही मोठा पैलवान असला तरी तो उतरायचा नाही.

पुढं फाउंड्रीत लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सँड प्लांटवरच्या मिस्त्रींनी मला तेच शिकवलं. ग्रीन सँड, म्हणजे साच्याची ओलसर वाळू, मुठीत घ्यायची, दाबायची, मोडायची. कोरडी वाळू साच्यात ढासळते, फार ओली असली तर कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या नगाला, ब्लो होल, वाफेची भोकं, येतात. आमच्याकडं ओलावा साधारण 3 ते 4 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. मुठीनंतर त्याच वाळूचा नमुना लॅबला जातो. तिथं ओलावा, ताकद, हवा किती आरपार जाते, सगळं मोजून वहीत लिहिलं जातं. दिवसातून अनेकदा. त्या दिवशी मला वडिलांच्या तालमीतले वस्ताद आठवले. दोघंही एकच काम करत होते. पायाखालची किंवा साच्याची माती आज कामाची आहे की नाही, हे वापरण्याआधी ठरवत होते.

माती रोज उकरली जायची, म्हणजे रोज नव्यानं तयार व्हायची. मॅट आली ती स्पर्धेसाठी लागते म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्याबरोबर मूठ उघडून बघणारं कुणी आलं नाही. गेल्या इतक्या वर्षांत आपण तालमींना मॅट दिल्या, मॅटला वस्ताद दिला नाही.

मॅटविषयी कोल्हापूरला नव्यानं काही सांगायची गरज पडू नये. गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत होते. 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीवर घडलेला हा पैलवान मॅटच्या कुस्तीला नवखा होता, तरी फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांची ताकद कधीच कमी नव्हती. पण पायाखालचा पृष्ठभाग बदलला की डाव बदलतो, तोल बदलतो, पडायची रीत बदलते, आणि हे शिकून घ्यायला त्यांना मधली चार वर्षं लागली. 1952 साली एका प्राचार्यांना हे एवढं महत्त्वाचं वाटलं की त्यांनी घर पणाला लावलं. म्हणून या पत्रावर आजच्या प्राचार्यांचंही नाव आहे.

जगात हे सगळीकडं झालंय. उंच उडीत 1960 च्या दशकापर्यंत बरेच खेळाडू वाळूच्या किंवा भुशाच्या खड्ड्यात पडायचे, म्हणून पायांवर उतरावं लागायचं. फोमच्या जाड गाद्या आल्या तेव्हा पाठीवर पडणं शक्य झालं, आणि 1968 ला मेक्सिकोत डिक फॉस्बरीनं पाठ खाली करून 2.24 मीटर उडी मारून सुवर्ण जिंकलं. आज सगळे तशीच उडी मारतात. त्या उडीचा अर्धा मान गादी बनवणाऱ्याचा आहे, असं मी मानतो.

आता एका सदस्यांनी मला तोंडी जे सांगितलं त्याकडं येतो. ते म्हणाले, पैलवानाला गादीचे लाड कशाला, कणखर व्हायचं असेल तर कठीण जमिनीवर पडायला शिकलं पाहिजे. त्यांनी हे मनापासून सांगितलं हे मला माहीत आहे, म्हणून मीही तसंच मनापासून उत्तर देतो.

दीड मीटर उंचीवरून अंग खाली आलं, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला साधारण साडेपाच मीटर असतो. ढाक हा डाव मारल्यावर किंवा उचलून टाकल्यावर एवढी उंची सहज होते. तो वेग शून्य व्हायलाच हवा, त्यातून कुणाची सुटका नाही. प्रश्न एवढाच की तो किती अंतरात शून्य होतो. फोम 4 सेंटिमीटर दबला तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 37 पट. फोम बसलेला असेल आणि फक्त 1 सेंटिमीटर दबला तर 150 पट. पोरगं तेच, डाव तोच, वस्ताद तेच. फरक फक्त 3 सेंटिमीटरचा. मानेचे स्नायू जोर मारून कणखर होतात, मेंदू होत नाही. तो कवटीच्या आत द्रवात तरंगतो आणि धक्का बसला की हलतोच.

मऊ म्हणजे चांगलं, असंही मी म्हणत नाही. फार मऊ मॅटमध्ये पाय रुततो आणि वळताना गुडघा अडकतो. म्हणूनच जगात यासाठी वरचीही हद्द आहे आणि खालचीही. धावपट्टीची तपासणी करताना 20 किलोचं वजन 55 मिलिमीटर उंचीवरून एका स्प्रिंगवर सोडतात आणि काँक्रीटच्या तुलनेत जोर किती कमी झाला ते मोजतात. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमात हा आकडा 35 ते 50 टक्क्यांच्या मध्ये यावा लागतो. 35 च्या खाली गेला तर नापास, 50 च्या वर गेला तरी नापास. कुणाच्या तरी मते ठीक आहे म्हणून तिथं पट्टी पास होत नाही.

सुरक्षित केलं की कामगिरी ढिली पडते, ही भीतीही खरी नाही. 1970 च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात थॉमस मॅकमहन आणि पीटर ग्रीन या दोन अभियंत्यांनी धावणाऱ्याचा पाय स्प्रिंगसारखा धरून गणित मांडलं, आणि त्या गणिताला जुळेल अशी लवचीक इनडोअर धावपट्टी बांधली. 1977 ला ती सुरू झाली. तिथं खेळाडूंचा वेग साधारण 2 ते 3 टक्क्यांनी वाढला आणि दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. दोन्ही गोष्टी एकाच पट्टीनं दिल्या, कारण ती बांधण्याआधी कुणीतरी मोजलं होतं.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. त्या खेळात जॅकेटचं कापड 2.5 मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, आणि ते मोजायचं उपकरण स्पर्धेच्या ठिकाणीच असतं. वरच्या पातळीचे नेमबाज आपल्या नळीला काडतुसांची कुठली लॉट जुळते हे एकेक लॉट मारून तपासतात. एक मिलिमीटर इकडंतिकडं झाला तर पदक जातं, म्हणून तिथं सगळं मोजतात. तालमीत गुडघा जातो, तिथं काहीच मोजत नाहीत.

जलतरणाचंही तसंच. आपला वीरधवल खाडे 2008 ला बीजिंगला पोहला, त्याच वर्षी अंगाला चिकटणारे नवे पोहण्याचे पोशाख आले. पुढच्या वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम झाले, आणि 2010 पासून तसले पोशाख बंद करावे लागले. तंत्रज्ञान खेळ घडवतं आणि बिघडवतंही. त्यामुळं मैदानात काय येऊ द्यायचं हे कुणीतरी समजून ठरवावं लागतं. आमच्या जिल्ह्यात तो कुणीतरी म्हणजे आपली समिती. म्हणूनच 'तांत्रिक बाबी कक्षेत येत नाहीत' हे वाक्य मला मान्य होत नाही.

आता माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली आणि सगळ्यांत मोठी: खरेदी कागद बघून होते, माल तपासून होत नाही. आमच्या फाउंड्रीत गिऱ्हाईक कॅटलॉग बघून माल उचलत नाही. प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर उठवलेला असतो. त्यावरून लोखंड कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीत ओतलं, त्यात कार्बन, सिलिकॉन किती, कडकपणा किती, सगळं काढता येतं. एक ब्रॅकेट फुटला तर पाच वर्षांनीसुद्धा त्याच्या मुळाशी जाता येतं. ट्रकच्या ब्रॅकेटला जेवढा मान आम्ही देतो, तेवढा माझ्या लेकीच्या गुडघ्याखालच्या फोमला कुणी दिला नाही. तिच्या मॅटवर ना नंबर होता, ना तारीख. ती कुणी पुरवली हे सांगणारा कागदही तालमीत नाही.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकात बेडन क्लेग नावाच्या अभियंत्यानं रस्त्याचा खडीचा थर किती घट्ट बसलाय हे बघायला एक साधा हातोडा बनवला. एका नळीतून वजन खाली सोडायचं, वजनाला बसवलेलं यंत्र धक्का मोजतं. पुढं मैदानं तपासायलाही तो वापरात आला. खेळाच्या मैदानासाठी 2.25 किलोचं वजन 45 सेंटिमीटरवरून टाकतात. उद्यमनगरातल्या एका मित्राच्या लेथवर मी तसं वजन वळवून घेतलं, आणि डिप्लोमाला शिकणाऱ्या एका पोरानं त्यात धक्का मोजणारा सेन्सर बसवून दिला. मॅटची प्रमाणित चाचणी वेगळी असते, त्यामुळं माझ्या या मोजमापाला निकाल म्हणून धरू नका. पण कडेच्या, फारशा न वापरलेल्या भागात आणि मधल्या भागात वजन टाकलं तेव्हा आवाजच वेगळा आला. मधे खालचं काँक्रीट बोलत होतं. वस्ताद म्हणाले, "हे आमाला कानानं कळतंय, पण सांगायचं कुणाला?"

दुसरी तक्रार देखभालीची. मॅट दिली की आपलं काम संपलं असं धरलं जातं. आंतरराष्ट्रीय कुस्तीची मॅट 9 मीटर व्यासाचं वर्तुळ आणि भोवती दीड मीटरची कड, अशी 12 बाय 12 मीटरची असते. ती तुकड्यांनीच बनते. तुकडे सरकतात, कापड ढिलं पडतं, फटी येतात. त्या आवळायच्या कशा, कोण आवळणार, कधी, हे कुठंच लिहिलेलं नाही. मॅट रोज पुसली नाही तर एकाचं गजकर्ण आठवड्याभरात दहा जणांच्या अंगावर येतं, हे तर तालमीतल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. जंतुनाशकाचा एक डबासुद्धा मॅटबरोबर दिलेला मी पाहिला नाही.

तिसरी: कोण कुठं जखमी झालं याची नोंदच नाही. आमच्याकडं रोज सकाळी रिजेक्शनची बैठक होते. काल किती नग गेले, कशानं गेले, कुठल्या साच्यातले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2020 साली दुखापतींची नोंद कशी ठेवावी यावर सविस्तर मार्गदर्शन काढलंय, आणि त्यातला गाभा एका वहीत मावतो. तारीख, जागा, डाव, पायात काय होतं, किती दिवस सराव बुडला. माझ्या लेकीच्या आधी त्याच फटीत आणखी कुणाचा पाय मुरगळला होता का? दोन पोरी म्हणाल्या, हो. ते कुठं लिहिलेलं असतं तर फट त्याच दिवशी बुजवली गेली असती.

चौथी तक्रार फुटबॉलच्या लोकांची, पण मी ती मांडतो, कारण माझा पुतण्या पेठेच्या संघातून खेळतो. शहरात टर्फ मैदानं झपाट्यानं वाढली. पोरांना खेळायला जागा मिळाली, हे चांगलंच आहे. पण प्लॅस्टिकचं गवत एप्रिल-मे महिन्यातल्या दुपारी 60 अंशांच्या वर तापू शकतं. त्यातला काळा रबराचा चुरा तर आणखी तापतो. युरोपीय संघानं 2023 साली या चुऱ्यावर बंदी घालायचं ठरवलं, त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली. कारण मातीत आणि पाण्यात जाणारे प्लॅस्टिकचे कण. आपण इकडं नवं टर्फ टाकताना भरावात, म्हणजे गवतात पसरायच्या चुऱ्यात, काय आहे हे विचारतसुद्धा नाही. बुटाचे स्टड टर्फमध्ये किती घट्ट रुततात, वळताना किती सहज सुटतात, हे फिफाच्या तपासणीत मोजलं जातं. गुडघा वाचतो तो तिथं. आणि या सगळ्याहून स्वस्त गोष्ट म्हणजे फिफाचा '11 प्लस' हा वॉर्मअप. नॉर्वेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर तो तपासला तेव्हा दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या. त्याला फक्त वीस मिनिटं लागतात आणि शिकवणारा लागतो.

पाचवी, आणि ही प्राचार्यांसाठी. शिवाजी विद्यापीठ इथं आहे. गोकुळ शिरगावला, कसबा बावड्याला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. इचलकरंजीच्या डीकेटीई महाविद्यालयात नॉनवोव्हन, म्हणजे न विणता बनवलेल्या, कापडावर संशोधन करणारं केंद्र आहे, आणि तांत्रिक वस्त्रांमध्ये खेळासाठीचं कापड हा एक स्वतंत्र विभागच मानला जातो. फाउंड्रीवाले आहेत, लेथवाले आहेत, चामड्याच्या कामात पिढ्यान्पिढ्या घालवलेली माणसं आहेत. आणि या सगळ्यांपासून दहा-वीस किलोमीटरवर देशातल्या सगळ्यांत जुन्या तालमींपैकी काही आहेत. या दोन गटांची कधी भेटच होत नाही. दरवर्षी शेवटच्या वर्षाची शेकडो पोरं प्रोजेक्ट करतात. त्यातला एक तरी गट तालमीत पाठवा. मॅटचा फोम किती दिवसांत बसतो हे मोजायला वर्ष पुरतं. तांबड्या मातीचा ओलावा आणि तिचा धक्का सोसण्याचा गुण यांचं नातं शोधायला सँड टेस्टिंगची जी उपकरणं लागतात ती आमच्याकडं पडून आहेत, मी मागून घेऊन देतो. माझ्या माहितीप्रमाणे मातीच्या आखाड्यावर असं नेमकं मोजमाप इथं कुणी केलेलं नाही. ते कोल्हापुरात होणार नाही तर कुठं होणार?

शाहू महाराजांनी युरोपच्या दौऱ्यानंतर खासबागचं मैदान बांधून घेतलं आणि 1912 साली ते पूर्ण झालं. बसणाऱ्याला कुठूनही कुस्ती दिसावी असा त्याचा उतार आहे. आजही शेवटच्या ओळीतून आखाडा स्पष्ट दिसतो, बांधताना कुणीतरी प्रेक्षकाच्या नजरेचा कोन मोजलाच असणार. हे गाव मोजून बांधणाऱ्यांचं आहे.

माझ्या मागण्या अशा.

सध्याची खरेदी थांबवू नका, पण निविदेत चाचणीची अट घाला. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला कंपनीच्या नमुन्याचा नको, आपल्या लॉटमधल्या मॅटचा हवा. आणि मॅट तालमीत अंथरल्यावर जागेवर पुन्हा एकदा मोजमाप व्हावं, कारण खालची फरशी प्रत्येक तालमीत वेगळी आहे.

प्रत्येक मॅटवर नंबर आणि तारीख उठवा. दर सहा महिन्यांनी तपासणी करा. ती करणाऱ्या माणसाचं नाव तालमीच्या भिंतीवर लावा. आकडा खाली गेला की मॅट बदला, कुणाच्या शिफारशीची वाट न बघता.

प्रत्येक तालमीला आणि मैदानाला दुखापतीची वही द्या, आणि वर्षातून एकदा सगळ्या वह्यांचा गोषवारा, नावं वगळून, जाहीर करा. मुलींच्या नोंदी वेगळ्या काढा. त्यांचे गुडघे वेगळ्या कारणांनी तुटतात.

नव्या टर्फच्या कंत्राटात भरावात काय वापरलंय ते लिहून घ्या आणि उन्हाळ्यात खेळायच्या वेळा तापमान मोजून ठरवा.

तालमींमधली माती काढू नका. दोन ठिकाणी मॅट टाकायला आखाडा बुजवलाय. पोरांना दोन्ही लागतं, आणि मातीवर पडायला शिकलेलं पोर मॅटवरही नीट पडतं.

आणि एक मागणी आज संध्याकाळीसुद्धा पूर्ण होऊ शकते. सगळ्या तालमींना निरोप धाडा की मॅटचं कापड उचला, फटी बघा, तुकडे आवळा, कड पट्टीनं बांधा. त्याला ना निविदा लागते, ना ठराव.

माझी लेक आता सायकल चालवते, पाण्यात चालते, आणि रविवारी माझ्याबरोबर तालमीत येऊन कडेला बसते. वजन मी टाकतो, आकडे ती लिहून घेते. आतापर्यंत तीन तालमी झाल्या. प्रत्येक ठिकाणच्या वस्तादांनी स्वतः बोलावलं. मोजून झालं की तिथली पोरं तिला विचारतात, दीदी, आमची मॅट चांगली आहे का? ती माझ्याकडं बघते, कारण चांगली म्हणजे किती, हा आकडा आम्हाला आपल्याकडून हवा आहे.

पुढच्या बैठकीत मला दहा मिनिटं द्यावीत ही विनंती. हातोडा घेऊन येतो. आधी आपल्या सभागृहाच्या फरशीवर टाकून दाखवतो, मग खाली जवळच्या तालमीत जाऊ आणि तिथल्या मॅटच्या मधोमध टाकू. दोन्ही आकडे आपण स्वतः वाचावेत.

कळावे,
आपला,
कुस्ती खेळणाऱ्या एका मुलीचा बाप
कोल्हापूर